फळा पुसायचं काम

पार्ल्याच्या कॉलेजात अर्थशास्त्राचा तास इंग्रजीत चालायचा, आणि पुढच्या बाकांवरची मुलं अशा काही माना डोलवायची की जयवंत परबला आपलंच डोकं रिकामं वाटायचं. गिरणी कामगाराचा मुलगा तो, सगळी शाळा मराठीतून झालेली. महिनाभरातच तो गद्रे सरांसमोर जाऊन उभा राहिला.

"सर, सगळं डोक्यावरून जातं. नाव काढून टाकतो, बाबांच्या गिरणीत लागतो."

सरांनी त्याच्या हातात डस्टर दिलं. "नाव काढशील सावकाश. उद्यापासून तास संपला की थांबत जा, फळा पुसायला."

वर्ग रिकामा झाला की जयवंत एकेक ओळ पुसायचा आणि सर तीच ओळ मराठीत समजावायचे. मागणी-पुरवठा तर त्यांनी खारदांड्याच्या कोळणीच्या पाटीतल्या बांगड्यांवर शिकवला. एवढासा फळा, पण पुसायला अर्धा तास लागायचा. बाहेर मुलं हळहळायची, बिचाऱ्याला सरांनी कामाला जुंपलंय.

सहामाहीत जयवंतला बासष्ट गुण पडले. माना डोलवणाऱ्यांची पार वाट लागली होती.

"कसं जमवलंस रे?" पहिल्या बाकावरच्या नंदकुमारने विचारलं.

"फळा पुसून," म्हणत जयवंतने हसत हसत सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तास संपला. जयवंत उठून पुढे गेला, तर डस्टर जागेवर नव्हतं.

 

ते नंदकुमारच्या हातात होतं, आणि त्याच्यामागे खिशातले रुमाल काढून अख्खा वर्ग रांगेत उभा होता.