बिनफीचं कार्ड

“वर्षाची फी नाही. बरं. मग बँकेचं पोट कशावर भरतं, ते सांग,” भय्यासाहेब म्हणाले.

“बिल उशिरा भरलं की व्याज लागतं,” मेघना म्हणाली.

“शाबास. म्हणजे तारखेच्या आत पूर्ण भरायचं. बँकवाले काय तुझे मामा लागतात, फुकट द्यायला?”

नेपियर टाउनमधल्या घराच्या व्हरांड्यात बापलेक बसले होते. संध्याकाळी मेघनाची पुण्याची गाडी होती. शुक्रवारी ती अचानक आली, एकटीच. नवऱ्याला, वेदांगला, सुटी मिळाली नाही, असं तिनं दारातच सांगून टाकलं. दोन दिवस ती गप्पगप्प होती. आज जेवणं झाल्यावर तिनं वडिलांपुढे मोबाइल धरला. “बाबा, बँक हे कार्ड देऊन राहिली. हॉटेलात जेवलं की जास्त पॉइंट. घेऊ का?”

भय्यासाहेब खुलले, कागद-पेन घेऊन बसले. गणिताचे मास्तर म्हणून रिटायर झाले, तरी मोहल्ल्यातली मुलं अजून त्यांच्याकडे शिकायला येत. उत्तर ते कधी सांगत नसत. न रागावता एकेक प्रश्न विचारत मुलाला तिथवर नेत. मेघना लहानपणी शाळेत भांडून आली, रडून आली, तरी एखादं गणित घेऊनच त्यांच्याजवळ बसायची. बाबांजवळ बसायला तेवढंच कारण चालायचं.

“घरी मागवलेलं जेवण धरतात का?”

“धरतात.”

“अच्छा. बाहेरचं जेवण किती वेळा होतं तुमचं?”

“रोज रात्री.”

“रोज?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “स्वयंपाकघर काय पाहुण्यांना दाखवायला ठेवलंय?”

मेघना हसली नाही. भय्यासाहेबांची नजर पुन्हा कागदावर गेली होती.

“एका रात्रीचं बिल?”

“दीडशेच्या आसपास.”

“पुण्यात? मग स्वस्त आहे की तुमचं पुणं!” त्यांनी आकडा मांडला.

आतून विनताताईंनी हाक मारली. “मेघना, वेदांगसाठी खव्याची जिलबी बांधू ना गं?”

“राहू दे, आई.”

“अगं, त्याला आवडते.”

मेघनानं वडिलांकडे पाहिलं. ते पॉइंटांची वरची मर्यादा शोधत होते.

“हे बघ,” भय्यासाहेब उत्साहानं म्हणाले, “दुसरं कार्डही फुकट आहे. नवऱ्याच्या नावाचं काढून घे. पॉइंट एकाच खात्यात जमतील.”

“नको, बाबा.”

“काहून नको? पैसे लागून राहिले का?”

“नको म्हटलं ना.”

“आजकालच्या पोरांना फुकटाचीही किंमत नाही,” ते पुटपुटले आणि पुढच्या अटीकडे वळले. त्या वेळी हातातला पेन खाली ठेवायला हवा होता, हे पुढे त्यांना फार लागलं. गल्लीतल्या मुलाचा चेहरा पाहून त्याचं कुठे अडलंय, ते ओळखणारा माणूस. पण त्यांचं लक्ष कार्डाकडे होतं.

दारात ऑटो आली. विनताताईंनी डबा आणून दिला, जिलबीचा पुडा वर ठेवलाच, आणि कुंकवाची कोयरी आणायला त्या देवघरात गेल्या. मेघनानं बॅग उचलली.

“तर घे कार्ड. फायद्याचंच आहे,” भय्यासाहेब म्हणाले. “थांब, एकदा पडताळून पाहतो.”

उत्तर आलं की ते उलट तपासायचं, ही त्यांची मुलांना लावलेली सवय. कागदावरून त्यांचं बोट वर सरकत गेलं आणि एका आकड्यावर थांबलं.

“मेघना, इथे गडबड आहे. दीडशे रुपयांत दोन माणसं कशी जेवतील?”

“एकटीच जेवते, बाबा.”

“आणि वेदांग?”

“तो दिवाळीपासून वेगळा राहतो.”

“दीदी, देर हो रही है,” ऑटोवाला म्हणाला.

भय्यासाहेबांना काहीतरी विचारायचं होतं. हातातल्या कागदाकडे पाहत ते कसेबसे म्हणाले, “मग... हे कार्ड...”

मेघना त्यांच्या पाया पडली.

“कार्ड तर माझ्याजवळ आहेच, बाबा. मागच्या वर्षीच घेतलं.”