स्क्रीनचा दोष

"हेही भंगारच," म्हणत फोटोग्राफरने स्क्रीनवरचं यंत्र काढून टेबलावर आपटलं.

दुकानदाराने वापरून बघायला दिलेलं हे दुसरं. मुठीएवढं काळं डबडं. स्क्रीनला टेकवून ठेवलं की रंग मोजतं आणि स्क्रीन कुठे चुकतेय ते सांगतं. पहिलं म्हणालं, स्क्रीन ठीक आहे. दुसरंही तेच म्हणालं. आता त्याला याहून महागडं हवं होतं. जेवताना यंत्र, झोपताना यंत्र. बायकोचं डोकं उठलं होतं.

"स्क्रीन ठीक, तर मग हे काय?" त्याने कालची प्रिंट तिच्या नाकासमोर धरली. कुणाचं तरी सहा महिन्यांचं बाळ. "स्क्रीनवर कसं टवटवीत दिसतं, आणि इथे कावीळ झाल्यासारखं. माझा उभा जन्म रंगात गेला. हे डबडं मला शिकवणार?"

बाळ मुळीच पिवळं नव्हतं. त्यालाच हल्ली सगळं पिवळट दिसत होतं, आणि तो प्रत्येक फोटोत निळं ओतत सुटला होता. एक गिऱ्हाईक "आमची आजी आजारी दिसते हो" म्हणून फोटो परत घेऊन आलं, तेव्हा ते बायकोच्या लक्षात आलं. तेव्हापासून छापायच्या आधी ती गुपचूप फोटो उघडायची आणि निळं काढून टाकायची. सांगणार कुठल्या तोंडाने? त्याचं सगळं त्या नजरेवर. पण आता तिला त्याचा राग येत होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"थांबा जरा," ती म्हणाली आणि आत प्रिंटरपाशी गेली. या खेपेला तिने फोटोला हात लावला नाही. त्याने केला होता तसाच छापला.

त्याने प्रिंट खिडकीशी नेली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली. किती दिवसांनी त्याचा चेहरा खुलला.

"बघ. आता बसलाय रंग. यंत्राने काम केलं की गं. हेच घेऊन टाकू."

बाळाचे ओठ शाई प्यायल्यासारखे दिसत होते. तिने त्याच्या हातून प्रिंट काढून घेतली आणि टेबलावर पालथी घातली.

"हे परत करा. उद्या आपण दुसरं यंत्र बघायला जाऊ."

"कुठलं? याच्यापेक्षा चांगलं आहे?"

"हो," ती म्हणाली. "त्यात हनुवटी टेकवून बसावं लागतं."