कोपऱ्यातलं बोअर

झाकण उघडलं तसा ड्रायव्हर नाकाला रुमाल लावून मागे सरकला. नमुनेवाला मात्र बोअरवर तसाच ओणवा राहिला.

"तुम्हाला वास नाही येत?"

"नाकाने केव्हाच राजीनामा दिलाय. नोकरीत मी एकटाच उरलोय."

ड्रायव्हर हसला आणि गाडीत काचा वर करून बसला.

तेलाचा हा डेपो बंद पडून वर्षं झाली होती, पण जमिनीतल्या टाक्या गळून पेट्रोल खालच्या पाण्यात उतरलं होतं. पंप रात्रंदिवस ते पाणी ओढत आणि गाळत. एकेक बोअर साफ झालं. हे कोपऱ्यातलं तेवढं हट्टाला पेटलं होतं. ते साफ निघालं की फाटकाला कुलूप लागणार आणि नमुनेवाल्याची बदली मोठ्या ऑफिसात होणार. बायकोला सातवा महिना होता. तिने एकच मागणं मागितलं होतं, "बाळ यायच्या आत हे काम सुटू दे."

नमुना घ्यायचा तर आधी शिळं पाणी उपसून टाकायचं. मग खालचं ताजं पाणी बाटल्यांत काठोकाठ भरायचं, हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. मग बाटल्या बर्फाच्या पेटीत. हे त्याचे हातच करायचे, त्याला हल्ली लक्ष द्यावं लागत नसे.

त्याने शिळं पाणी उपसलं. दोरीला बांधलेली नळी पुन्हा खाली सोडली, वर ओढली. पाण्यावर रंगीत साय होती. तो बघत राहिला. राग आला नाही की वाईट वाटलं नाही. त्याने दोरी गुंडाळली आणि झाकण लावलं.

"झालं?" ड्रायव्हरने विचारलं.

"झालं. वाटेत घरी दोन घास खातो, मग प्रयोगशाळेत जाऊ."

घर डेपोच्या भिंतीला लागूनच होतं. आई दारातच उभी.

"थांब तिथेच! आधी मागे जा, अंग धू. आणि ती पेटी कुठे आत आणतोस?"

"बाहेर बर्फ वितळतो, आई."

"वितळू दे! घराचा पेट्रोलपंप करून ठेवलायस. परवा पाहुण्याने विडी काढली आणि परत खिशात घातली. म्हणाला, आजी, छप्पर उडायचं!"

आतून बायको क्षीण आवाजात हसली. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"डॉक्टर म्हणतात भरपूर पाणी पी," आई म्हणाली, "आणि ही प्यायली की ओकते. तुझ्या वासानेच! अरे, तू आठवडाभर बाहेरगावी होतास तरी घर तसंच घमघमत होतं. भिंतींनी प्यायलंय तुझं पेट्रोल. आणि हंड्याला हात लावू नकोस, पाण्यालासुद्धा तुझ्या बोटांचा वास लागतो."

"अहो," बायकोने विचारलं, "निघेल का हो साफ या वेळी?"

"निघेल."

"कशावरून?"

"वाटतंय."

तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. त्याला काही वाटल्याचं तिने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

तो पेटी घेऊन निघून गेल्यावर आईने हंड्याचं झाकण काढलं. "अगंबाई! सकाळीच तर काठोकाठ भरला होता. पोरगा जेवून गेला की उंट?" आणि बडबडत ती मागच्या हातपंपावर गेली.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी त्याला बोलावून घेतलं.

"तुमचं कोपऱ्यातलं बोअर काही ऐकत नाही बुवा. पेट्रोल निघालं. तेही मागच्यापेक्षा जास्त! पंप चालू असताना वाढलं कसं?"

साहेबांनी अहवाल त्याच्यापुढे सरकवला.

"नमुना तुम्हीच घेतलात ना?"

"मीच."

"दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही?"

"नाही."

"प्रयोगशाळेची चूक असेल म्हणून मी पुन्हा तपासायला लावलं. तेच आलं." साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावरून बोट फिरवलं. "एक बरं आहे, जमिनीतलं पाणी उताराने नदीकडे जातं. तुमची घरं चढावर. तिकडे थेंबही पोचायचा नाही. बसा ना, उभे का? चेहरा का असा झाला?"

तो बसला नाही. आधी चालत निघाला, मग भिंतीच्या कडेकडेने पळत सुटला.

"अरे, अंग धू आधी!" आई ओरडली.

तो तसाच आत घुसला. बायको उठून बसली होती, हातात भरलेला पेला होता. त्याने तो हिसकावला, पाणी तिच्या पदरावर सांडलं.

"अहो! काय झालं?"

त्याने पेला नाकाशी नेला. पुन्हा नेला. त्याला कसलाच वास आला नाही.

त्या दिवशी बाटल्या त्याने बोअरवर भरल्याच नव्हत्या, या हंड्यातून भरल्या होत्या.