रणगाड्यांच्या वाटेखालून

"जमिनीवरूनच टाकू या, उस्ताद. रणगाडे कधीच पुढे गेलेत," नाईक राऊळ म्हणाला. सरावाच्या मैदानावर निरीक्षण चौकीपासून तोफांपर्यंत टेलिफोनची तार टाकायची होती आणि मध्येच रणगाड्यांची वाट आडवी आली होती.

"गेलेत ते परतही येतील," म्हणत हवालदार घुगेंनी कुदळ उचलली. जमीन मुरमाड होती. वीतभर खोल चर खणून, तार सैल सोडून ती पुरेपर्यंत वीस मिनिटं उशीर झाला. तोफांजवळ मेजरसाहेबांनी सगळ्यांदेखत घुगेंना झापलं. "जी साहेब," म्हणून त्यांनी तार फोनला जोडली.

दुपारी रणगाडे अचानक माघारी फिरले आणि त्याच वाटेवरून धडधडत गेले. थोड्याच वेळात चौकीवरच्या कॅप्टनना दुर्बिणीतून लक्ष्याजवळ मेंढरं दिसली, आणि त्यांच्यामागे पाठीला पोर बांधलेली बाई. त्यांनी फोन उचलला. तार शाबूत होती.

"थांबवा! फायर थांबवा!"

तोफा गप्प राहिल्या.

बाई टेकडीआड गेल्याचं फोनवरून कळल्यावर मेजरसाहेबांनी राऊळला विचारलं, रणगाड्यांखाली तार वाचली कशी, आणि चराची हकिगत ऐकून घेतली. मग ते घुगेंजवळ आले.

"हवालदार, पुढच्या वेळी उशीर होणार असेल तर आधी सांगत जा," ते म्हणाले. "मी थांबेन."