फळ्यावरची शेवटची ओळ

"आबा, आज आमटीत कांदा-लसूण काही घातलं नाही," वृषाली म्हणाली. "आणि तंबाखूची डबी मी लपवून ठेवलीय."

"सकाळपासनं तीनदा चूळ भरलीय," उत्तमराव सुनेला म्हणाले. "डबी परत दे. संध्याकाळी."

बाटल्यांच्या बैठकीला जायचं तर तोंडाला कशाचाच वास नको. दर फेब्रुवारीत एका रविवारी भिंगारला काकासाहेबांच्या अंगणात ही बैठक बसायची. लष्करी मेसमधून निवृत्त झालेली आठ-दहा माणसं. प्रत्येकाने घरी केलेल्या आल्याच्या बिअरची एक बाटली आणायची. दुकानातली चालत नसे. ग्लास आपला आपण आणायचा. आपली बाटली आपणच उघडायची, सगळ्यांना दोन-दोन घोट ओतायचे आणि स्वतः शेवटी घ्यायचे. दुसऱ्याची चाखताना तोंड वाकडं करायचं नाही, आपलीची तारीफ करायची नाही. शेवटी हात वर करून एक बाटली निवडायची. ती ज्याच्या हातची, त्याचं नाव काकासाहेब ओसरीतल्या फळ्यावर रंगाने लिहायचे.

बारा वर्षं उत्तमराव बायकोने केलेली बाटली घेऊन गेले. बारा वर्षं ती दुसरी आली. पहिली बहुतेक वेळा काकासाहेबांची.

"एकदा तरी माझं नाव लागंल तिथं," भागिरथीबाई म्हणायच्या.

गेल्या वर्षी बैठकीच्या आठ दिवस आधी त्या गेल्या. त्यांची बाटली भरून तयार होती. उत्तमरावांनी ती त्यांच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत ठेवली आणि त्या वर्षी ते बैठकीला गेलेच नाहीत.

यंदाची बैठक शेवटची होती. काकासाहेब कायमचे मुलाकडे पुण्याला चालले होते. फळ्यावर एकच ओळ उरली होती.

मधल्या काळात उत्तमरावांनी स्वतः करून पाहिलं होतं. आलं किसून बोटं सोलली. पहिल्या बाटल्या आंबट झाल्या, मोरीत ओताव्या लागल्या. नंतरच्या फुटू लागल्या. दिवाळीत पाचवी फुटली आणि पिठाच्या डब्यात काचा गेल्या, तेव्हा वृषाली म्हणाली, "आबा, आता पुरे. आईंची सर नाही यायची."

"व्हय," असं म्हणून त्यांनी फरशी पुसून घेतली.

त्यानंतर घरात बाटली फुटली नाही. भागिरथीबाईंची आलं-साखरेच्या आंबवणाची बरणी मात्र त्यांनी टाकू दिली नाही. रोज तिच्यात चमचाभर साखर घालायचे. वृषालीने त्यावर बोलणं सोडून दिलं.

आदल्या दिवशी, शनिवारी, त्यांनी खोलीचं दार लोटून ट्रंक उघडली होती. वृषाली चहा घेऊन गेली तेव्हा गाळ खाली बसावा म्हणून खिडकीत बाटली उभी करून ठेवलेली होती. बुचावर लाल दोरा, त्याला दुहेरी गाठ.

वृषाली दारातच थांबली. "ही नेणार? मग आईंच्या हातचं घरात काय राहील?"

"तिचं नाव तिथं लागाया पाहिजे," ते म्हणाले. "बाकीचं मी बघतो."

रविवारी सावेडीहून रिक्षाने निघाले. बाटलीला ओलं फडकं गुंडाळलं आणि भिंगारपर्यंत ती मांडीवर उभी धरली. प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला म्हणत, "हळू रे बाबा."

अंगणात शिरताच मेसचा जुना खानसामा गोरक्ष ओरडला, "या वेटरसाहेब! सोता केली असंल तर आधीच सांगा, मी लांब बसतो. जल्मभर ग्लास पुसले तुमी."

"लांबच बस. तुझ्या अंगाला अत्तराचा वास येतोय."

सगळे हसले. काकासाहेबांनी गोरक्षला साबण देऊन नळावर पाठवलं. मग त्यांची नजर लाल दोऱ्यावर गेली.

"ही गाठ भागिरथीबाईंची." ते हळू बोलले. "म्हणजे वर्षाची झाली की. आंबून शिरका झाला असेल, उत्तमराव. नका उघडू. आठवण म्हणून घरी ठेवा."

"उघडायचीच. अन् निवडली तर नाव भागिरथीचं लिहायचं."

"तो नियमच आहे. ज्याच्या हातची, त्याचं नाव. बाईमाणूस असलं तरी."

सौम्य बाटल्या आधी, तिखट नंतर. काकासाहेबांच्या बाटलीला सगळ्यांनी मान डोलावली. उत्तमरावांची पाळी शेवटी आली. त्यांनी गाठ सोडली. बूच ताडकन उडालं आणि गळ्यापर्यंत फेस आला.

"वर्साची बाटली, अन् हा फेस!" गोरक्ष म्हणाला.

उत्तमरावांनी गाळ न हलवता सावकाश ओतलं. स्वतःला शेवटी घेतलं.

गोरक्षने ग्लास पुन्हा पुढे केला. ते नियमात बसत नव्हतं, पण कुणी अडवलं नाही.

काकासाहेबांनी डोळे मिटून दुसरा घोट घेतला. "बारा वर्षं ओळखतो हा हात. पण इतकी चांगली तर त्यांनाही कधी जमली नव्हती."

सगळे हात वर गेले. आपली बाटली बाजूला सारून काकासाहेबांनीही हात वर केला. मग ब्रश घेऊन त्यांनी शेवटच्या ओळीत लिहिलं : भागिरथी उत्तमराव साळवे.

"वहिनी, जिंकलात," गोरक्ष म्हणाला आणि अत्तर धुतलेल्या हाताने डोळे पुसले. टाळ्या रस्त्यापर्यंत ऐकू गेल्या. उत्तमराव ताठ उभे राहून ओला रंग वाळेपर्यंत फळ्याकडे पाहत राहिले.

घरी वृषाली दारातच होती. "लागलं?"

"लागलं!"

ते खोलीत गेले. ट्रंक उघडली. लुगड्याची घडी उलगडली. भागिरथीबाईंची बाटली होती तशी होती, गच्च भरलेली, गाठही न सुटलेली. तिच्याशेजारी त्यांनी आपल्या हातची रिकामी बाटली ठेवली.