पावणेसतरा इंच

ल्यूथर मोयरनं मोठ्या चाकाचा नट पान्यानं सैल केला, थोडा वर सरकवला आणि खाली डोकावून पाहिलं. नटाखाली लाल रंग होता. ऊनवारा न लागलेला, कारखान्यातून आला तसाच. म्हणजे वस्तू अस्सल होती.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बंबखान्याच्या हॉलमध्ये बर्क्स काउंटीतले जुन्या लोखंडाचे शौकीन जमत. ज्यानं त्यानं आपली वस्तू ल्यूथरच्या टेबलावर ठेवायची. ल्यूथर ती पारखायचा आणि तिला सुतळीनं बांधलेल्या चिठ्ठीवर निकाल लिहायचा. बावीस वर्षांत त्याच्या चिठ्ठीवर कुणी दुसरं मत मागितलं नव्हतं.

आज टेबलावर दोन चाकांची कॉफीची चक्की होती. बिडाची, शंभर वर्षांपूर्वी वाण्याच्या गल्ल्यावर असायची तसली. मूळ रंग शाबूत, पुढचा सोनेरी गरुडही शाबूत. अशी एक मिळावी म्हणून ल्यूथरनं तीस वर्षं पेन्सिल्वेनियातला एकही लिलाव सोडला नव्हता. आणि मिळाली कुणाला? एल्विन रेबरला! जन्मभर शाळेची बस चालवलेला हा गडी. जुनं लोखंड जमवायला लागून त्याला धड दोन वर्षंही झाली नव्हती.

"कुठं सापडली?" ल्यूथरनं मान वर न करता विचारलं.

"एका म्हातारीच्या खुराड्यात. कोंबड्या बसायच्या तिच्यावर. म्हणाली, चाळीस डॉलर टेकव आणि ने. वर बीटात मुरवलेल्या अंड्यांची बरणी दिली."

बरणीसुद्धा! ल्यूथरला तीही सहन झाली नाही.

"तीस वर्षं हा दारोदार हिंडला," मागून कुणीतरी म्हणालं, "आणि शिंकं तुटलं ते या बोक्यासाठी!"

हॉल हसला. सगळ्यात मोठ्यानं एल्विनच हसला. त्याच्या मनात काही नव्हतं, आणि ल्यूथरला खरा राग त्याचाच आला.

त्यानं खिशातून टेप काढली. ही परीक्षा सगळ्यांना ठाऊक होती. नक्कल करणारे खऱ्या चक्कीचा वाळूत ठसा घेतात आणि त्यात बीड ओततात. बीड निवताना आक्रसतं, म्हणून नक्कल खऱ्यापेक्षा थोडी लहानच निघते. या चक्कीचं मोठं चाक सतरा इंचांचं असायला हवं. ल्यूथरनं टेप ताणून धरली. सतरा. केसभरही कमी नाही.

"पावणेसतरा," तो म्हणाला.

हॉलमधलं हसणं थांबलं.

"म्हणजे नक्कल?" एल्विननं विचारलं.

"झकास नक्कल आहे. पण नक्कलच. बिडाला खोटं बोलता येत नाही, एल्विन."

टेप टेबलावरच पडली होती. कुणी ती उचलली नाही. ल्यूथर मोयरनं मोजल्यावर आपण मोजायचं म्हणजे पाद्र्याला बायबल शिकवायचं. ल्यूथरनं चिठ्ठीवर लिहिलं, 'नक्कल. साठ डॉलर. ल्यू. मो.' आणि सुतळीची गाठ मारली. कित्येक दिवसांचा काटा निघाल्यासारखं त्याला हलकं वाटलं. दोन महिने जाऊ द्यायचे, आठवण झाल्यासारखं दाखवायचं, साठ डॉलर एल्विनच्या हातावर ठेवायचे आणि चक्की घरी आणायची. एवढं त्यानं तिथंच ठरवून टाकलं.

"मग हा रंग जपायची काही गरज नाही म्हणायची," चक्की उचलता उचलता एल्विन म्हणाला.

"काही गरज नाही," ल्यूथर म्हणाला. त्याचं लक्ष पुढच्या वस्तूकडे होतं.

तीन आठवड्यांनी एल्विन ल्यूथरच्या स्वयंपाकघरात उभा राहिला, पोटाशी घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी धरून. ल्यूथरची बायको वर्ना काकवीची पाई कापत होती. एल्विननं तिला टेबल रिकामं करायला लावलं आणि घोंगडी ओढली.

चक्की हिरवीगार होती. नव्या ट्रॅक्टरसारखी चकचकीत, चाकांना पिवळे पट्टे.

"जावयाच्या गॅरेजात वाळूचा मारा करून आधी पार नागडी केली," एल्विन सांगू लागला. "अख्खी दुपार गेली. तो गरुड तर निघता निघेना, शेवटी हातानं खरवडला. तुझ्यासाठी केलीय, लेका. खरी काही तुझ्या नशिबात येईना. येईल तेव्हा येईल, तोवर नक्कल तर नक्कल. वर्नाला हिरवा आवडतो ना, फोन करून विचारून घेतलं होतं."

ल्यूथरनं खुर्चीची पाठ धरली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं बाई, रडतोय की हा!" वर्ना म्हणाली.

एल्विन लाजून लाल झाला. पाईचे दोन तुकडे त्यानं घाईघाईनं संपवले आणि निघून गेला. ल्यूथरच्या अक्षरातली चिठ्ठी चक्कीला तशीच लटकत होती. एल्विननं ती जपून काढून ठेवली होती आणि रंग वाळल्यावर पुन्हा बांधली होती.

वर्नानं मूठभर बिया टाकून चाक फिरवलं. घरभर कॉफीचा वास सुटला.

"लोण्यासारखी चालते रे. आणि एवढ्या भल्या माणसावर तू तीन आठवडे जळत होतास!"

ल्यूथरनं खणातून पाना काढला. मोठ्या चाकाचा नट सैल केला आणि वर सरकवला. तिथं वाळू पोचली नव्हती. नाण्याएवढं लाल कडं तसंच होतं.

"काय बघतोस?" वर्नानं विचारलं. "खरी निघाली की काय?"

"पावणेसतरा," ल्यूथर म्हणाला, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्यानं नट आवळला.