नोएलीनची गांडुळं

नोएलीनने वीट बाजूला केली, बादलीचं झाकण उघडलं आणि तिथंच वाफ्यात बसकण मारली. गांडुळं पुन्हा गायब. भोपळ्याच्या साली होत्या, चहाचा चोथा होता, वर तिने अंथरलेला ओला पेपरही होता. खाणारं मात्र कोणी नव्हतं. बरंच उकरल्यावर दोन-चार मरतुकडी पिल्लं हाती लागली.

रोपांच्या नर्सरीतल्या ट्रेव्हरने सांगितलं तसंच तिने सगळं केलं होतं. बादलीला भोकं पाडली, ती टोमॅटोच्या वाफ्यात गळ्यापर्यंत पुरली. गांडुळांनी भोकांतून मातीत हिंडावं आणि जेवायला घरी यावं, इतकी साधी गोष्ट. गांडुळांची ही तिसरी खेप होती. मागच्या वेळी पिशवी हातात देताना ट्रेव्हर म्हणाला होता, "नोएलीन, खरं सांग, टोस्टवर पसरून तूच तर खात नाहीस ना?" सगळं दुकान फिदीफिदी हसलं होतं.

टोमॅटोचं तिला काडीचंही पडलेलं नव्हतं. हा सगळा खटाटोप नवऱ्यासाठी होता. डेसचा मित्र मिक हिवाळ्यात गेला. डेससाठी पब म्हणजे मिक, नदी म्हणजे मिक. मिकला पोचवून आल्यावर तो जो खुर्चीत बसला तो बसलाच. समोर क्रिकेट चालू असे, पण स्कोअर विचारला तर सांगता येत नसे. निदान साली टाकायला तरी हा माणूस अंगणात उतरेल, म्हणून तिने ती बादली पुरली होती. बेकरीत कामाला जाताना ती बजावून जायची. परत यावं तर साली ओट्यावर तशाच.

मातीच्या हातांनीच ती घरात आली.

"डेस, बादलीत कांदा टाकलास का रे? की लिंबू? गांडुळांना सोसत नाही ते."

"मी कुठं काय टाकतो?"

"हो ना, तू कुठं काय करतोस! संपलं आता. ती बादली उपटून फेकते. गांडुळंसुद्धा टिकत नाहीत माझ्या घरात!"

बोलताना तिला रडूच आलं. ते त्याला दिसू नये म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. चहा तरी घ्यावा म्हणून तिने दुधासाठी फ्रिज उघडला. दुधाच्या मागे आइस्क्रीमचा डबा होता. आइस्क्रीम खालच्या कप्प्यात कोण ठेवतं? या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का? चडफडत तिने झाकण काढलं. आत ओला पेपर होता. पेपराखाली माती, आणि मातीत तिची गांडुळं वळवळत होती. चांगली धष्टपुष्ट.

ती इतक्या जोरात किंचाळली की डेस उठून दारात आला.

"अगं, आमिष आहे ते. थंडीत ताजं राहतं." तो दाराच्या चौकटीला टेकला. "नदीवर नेतो. तू बेकरीत असतेस तेव्हा."

"नदीवर? तू?" तिचा विश्वास बसेना. "मग मासे कुठायत?"

"गळ टाकवत नाही गं. मिक बसायचा त्या जागेशेजारी बसतो थोडा वेळ. मग त्यांना तिथंच मातीत सोडतो आणि येतो परत." त्याने हनुवटी खाजवली. "तुला सांगितलं असतं तर तू सगळ्या गावाला सांगत सुटली असतीस. उद्या गळ टाकीन म्हणतो."

नोएलीनने ओला पेपर पुन्हा गांडुळांवर अंथरला. झाकण नीट दाबून लावलं, लोण्याचा डबा बाजूला सरकवला आणि गांडुळं पुढच्या बाजूला ठेवली.

"मासा तिकडेच साफ करून आण," ती खेकसली. "माझ्या सिंकमध्ये खवले दिसले तर बघ!"